कै म्हणजे काय

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी वीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि कॉलेजच्या ऑफिसबाहेर लावलेल्या यादीत माझा नंबर होता. यादी ‘अटेंडन्स शॉर्टेज’ची. त्या यादीत नंबर म्हणजे हॉल तिकीट नाही, हॉल तिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे आख्खं वर्ष पाण्यात. माझ्या एका वर्षावर आईचंही एक वर्ष टांगलेलं होतं. मी पास होऊन नोकरीला लागले की तिनं गारमेंट सोडायचं, असं आमचं ठरलं होतं. होसूर रोडवरच्या कारखान्यात ती दिवसभर उभी राहून कॉलर इस्त्री करायची. संध्याकाळी जिना चढताना तिच्या गुडघ्यांचा आवाज मला आतून ऐकू यायचा.

मी वर्ग बुडवून सिनेमे पाहत नव्हते. घरी अण्णांजवळ बसत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी, आमच्यात वडिलांना अण्णाच म्हणतात. शिवाजीनगरात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. एक दिवस कापड कापता कापता त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला आणि बोलणंही गेलं. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. आई गारमेंटला जायला लागली आणि मी जे. पी. नगरच्या आमच्या दोन खोल्यांत अण्णांपाशी राहिले. त्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं, मोरीपर्यंत न्यायचं. कॉलेजच्या क्लार्कला मी हॉस्पिटलचे कागद दाखवले. त्यानं ते उलटसुलट केले आणि म्हणाला, सर्टिफिकेट विद्यार्थ्याचं लागतं, वडिलांचं चालत नाही. मी स्वतः आडवी झाले असते तर सगळं नियमात बसलं असतं. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

अण्णांचं बोलणं पूर्ण गेलं असंही नाही. दोन शब्द उरले होते. एक ‘सरी’. हा कन्नड शब्द आमच्या शहरात सगळ्यांच्या तोंडी असतो. ठीक आहे, बरं, चालेल, समजलं, सगळ्याला सरी. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना ते दिवसातून दोनशे वेळा म्हणायचे. दुसरा शब्द ‘कै’.

आमच्या घरच्या मराठीत ‘काय’ असं पूर्ण कुणी म्हणत नाही. कै करतेस, कै झालं, कै आणलंस. पुण्याहून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती, ती यावर फार हसायची. झटक्यानंतर अण्णा पहिल्यांदा ‘कै’ म्हणाले, त्या दिवशी आई देवापुढे साखर ठेवून आली. एक शब्द दुकानातला राहिला आणि एक घरातला, असं ती शेजारणींना सांगायची. अण्णांनी घरात कधी कन्नड बोलू दिलं नव्हतं. कन्नड दाराबाहेर, चपलांपाशी. म्हणून ‘कै’ म्हणजे काय, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

आणि मग मी पाच महिने उत्तरं देत राहिले.

“कै?”

“भात आणि सारू, अण्णा.”

“कै?”

“मंगळवार आहे आज.”

“कै?”

“वरच्यांची टाकी भरून वाहतेय. त्यांना कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ.”

सुरुवातीला मला त्यात मजासुद्धा यायची. माणूस विचारतो आहे म्हणजे त्याला जगात रस आहे, असं फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यांना सगळं सांगायचे. रस्त्यावर कोण भांडलं, भाजीवाला काय म्हणाला, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली. ते माझं पूर्ण ऐकून घेत आणि मग खाली मांडीकडे बघून पुन्हा म्हणत, “कै.” मी नवीन उत्तर शोधायचे. एकदा, चौथ्या महिन्यात असेल, सकाळपासून चाळीस वेळा झालं, दूध उतू गेलं होतं, कॉलेजातून फोन येऊन गेला होता, आणि मी ओरडले, “काय, काय, काय! किती वेळा काय! नाहीये काही!” दोन दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांचे पाय धरले, तेव्हा “सरी” म्हणाले.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, पण ती अण्णांसमोर नाही. शेवटच्या भेटीला ते निघाले, तेव्हा आम्हा दोघींना जिन्यात थांबवून म्हणाले की पाय येईल, काठीनं चालतील. हाताची आशा धरू नका. आई कठड्याला धरून उभी राहिली. कापणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? आम्ही जिन्यातच ठरवलं की नाही सांगायचं. वर येऊन मी हसत म्हणाले, “डॉक्टर खूश आहेत तुमच्यावर, अण्णा.”

यादीत नंबर लागल्यावर मी आमच्या कॉलेजच्या कल्चरल कमिटीच्या मॅडमना गाठलं. शाळेत असताना मी चित्रं बरी काढायचे, हे त्यांना कुठून तरी कळलेलं होतं. त्यांनी सांगितलं, सर्जापूर रोडच्या एका मोठ्या कॉलेजात आंतरकॉलेज चित्रकला स्पर्धा आहे. स्पॉट पेंटिंग, पोस्टर, क्ले मॉडेलिंग, सगळ्याला मुलं झाली आहेत. फक्त कोलाजला कुणी नाही.

“नुसता भाग घेतलास तर एका दिवसाची हजेरी मिळेल,” त्या म्हणाल्या. “त्यानं तुझं काही होत नाही. नंबर आणलास तर मी स्वतः प्रिन्सिपलकडे जाईन. कॉलेजचं नाव केलंय म्हटल्यावर ते सही करतात.”

“आणि नाही आणला तर?”

त्यांनी हात पसरले. मग कन्नडमध्ये म्हणाल्या, “कै कोडबेडम्मा.” म्हणजे ऐन वेळी दगा देऊ नकोस, बाई. मी म्हणाले, “सरी, मॅडम.”

मी आयुष्यात कोलाज केलं नव्हतं. पण घोडं एवढ्यावर अडलं असेल तर कोलाज तर कोलाज. आठ दिवस मी अण्णांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून रद्दीतली मासिकं फाडली. जुने दिवाळी अंक, विमानात मिळतात तसली गुळगुळीत मासिकं, साड्यांच्या जाहिराती. फाडलेल्या कागदाला एक पांढरी कड राहते, ती सावलीसारखी वापरता येते, हे मला तिसऱ्या दिवशी समजलं. अण्णा वरून बघायचे आणि विचारायचे, “कै?” मी सांगायचे, “कोलाज. कागद चिकटवून चित्र.”

नियम असा होता की मोठ्या ड्रॉइंग शीटवर फक्त कागद चिकटवायचा. पेन्सिलीची, पेनाची, रंगाची एक रेघही दिसता कामा नये. मग आकृती आखायची कशी? याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. ते मी लहानपणापासून बघत आले होते. अण्णा कापडावर नेहमी उलट्या बाजूनं आखायचे, म्हणजे खडू सुलट्या बाजूवर येत नाही. मीही तेच करायचं ठरवलं. वर्तमानपत्राच्या मोठ्या कागदावर आख्खी आकृती आखायची, बाहेरच्या रेघेवर कापायची, मग उलटवून शीटवर चिकटवायची. रेघा खाली जातात, वर कोरा आकार राहतो, आणि त्यावर फाडलेले तुकडे बसवत जायचं. घरी मी कुंडी केली, मडकं केलं, समोर बघणारं मांजर केलं. सगळं छान बसलं.

स्पर्धेच्या दिवशी आईनं रजा टाकली. सकाळी मी अण्णांच्या पेटीतून त्यांची मोठी कात्री काढली. माझी छोटी कात्री वर्तमानपत्राच्या घडीला पुरी पडत नव्हती. ती काळ्या मुठीची जड कात्री बघून अण्णा उठून बसायला लागले.

“कै?”

“स्पर्धा आहे, अण्णा. मी संध्याकाळी परत आणते.”

“कै,” ते म्हणाले. “कै, कै.”

“अहो, आणते म्हटलं ना,” मी म्हणाले, आणि बस चुकेल म्हणून निघाले.

ते कॉलेज म्हणजे नुसत्या काचा. आमच्या कॉलेजचा सगळा मजला बसेल एवढा त्यांचा एक हॉल. दारात फोन जमा करून घेतले. माझ्या एका बाजूच्या मुलीनं मासिकं रंगांप्रमाणे लावून फायलीत आणली होती. दुसऱ्या बाजूच्याकडे पाच प्रकारचे गोंद. माझ्याकडे रद्दीची पिशवी आणि शिंप्याची कात्री. ठीक साडेदहाला एका मॅडमनी फळ्यावर विषय लिहिला. आधी कन्नडमध्ये, एकच अक्षर, आणि खाली इंग्रजीत.

‘ಕೈ’. त्याचा उच्चार कै. आणि खाली, हँड.

कन्नडमध्ये कै म्हणजे हात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिलीपासून कन्नड शिकले, रिक्षावाल्यांशी भांडते कन्नडमध्ये, शेजारणींच्या चहाड्या ऐकते कन्नडमध्ये. आदल्या आठवड्यात मॅडम मला ‘कै कोडबेड’ म्हणाल्या, तेव्हाही त्यात हातच होता. कन्नडमध्ये कै देणं म्हणजे दगा देणं, आणि मराठीत हात देणं म्हणजे मदत करणं, यावर आम्ही शाळेत विनोद करायचो. इतकं सगळं माहीत असून पाच महिने मला ऐकू आलं नव्हतं. अण्णा ‘काय’ विचारत नव्हते. ते हात म्हणत होते. खाली मांडीकडे, जिथे त्यांचा उजवा हात पडलेला असायचा, तिथे बघून म्हणत होते. हात. माझा हात. हाताचं काय? आणि मी त्यांना भात आणि सारू सांगत होते, मंगळवार सांगत होते, वरच्यांची टाकी सांगत होते. “नाहीये काही” म्हणून ओरडलेही होते. आणि आज सकाळी त्यांची कात्री उचलली, तेव्हा ते चारदा म्हणाले होते, आणि मी बस चुकेल म्हणून निघाले होते.

मला रडू आलं नाही. उठावं, फोन घ्यावा, घरी जावं. उठलेही होते. देखरेखीवरच्या सरांनी विचारलं, “वॉशरूम?” हो म्हटलं असतं तर बाहेर पडता आलं असतं. पण बाहेर पडले तर स्पर्धा गेली, स्पर्धा गेली तर वर्ष गेलं, आणि आई आणखी एक वर्ष कॉलर इस्त्री करणार. मी खाली बसले. इतकी घृणा मला स्वतःची तोवर कधी आली नव्हती. पण बसले.

आजूबाजूला सगळ्यांचं सुरू झालं होतं. कुणी जोडलेले हात, कुणी शाई लावलेलं बोट, कुणी हातात पृथ्वी. मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मी अण्णांना करायला घेतलं.

तिसऱ्या महिन्यातली एक दुपार होती. अण्णांनी खुणा करकरून हीच कात्री मागून घेतली होती. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, आणि डाव्या हातात कात्री. त्यांनी वर्तमानपत्राचा कागद कापायला घेतला. शिंप्याची कात्री उजव्या हाताची असते. डाव्या हातात तिची पाती एकमेकांना धरत नाहीत, कागद कापला न जाता मधेच दुमडतो. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा कागद दुमडला. चाळीस वर्षं ज्यांनी रेशमी पीस एका दमात कापले, त्यांना वर्तमानपत्र कापता येत नव्हतं. मी कात्री काढून घेतली आणि म्हणाले, “राहू द्या, अण्णा.” तेव्हाही ते ‘कै’ म्हणाले होते. मी सांगितलं होतं, कात्री.

तेच करायचं ठरवलं. डाव्या हातात कात्री, उजवा हात मांडीवर, तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला. मी वर्तमानपत्रावर आख्खे अण्णा आखले. समोरून, खाटेवर बसलेले. पाच महिने रोज समोर बसून पाहिलेला माणूस, रेघ कुठे अडली नाही. त्यांच्याच कात्रीनं कागद कापला, उलटवला, गोंद लावून शीटवर दाबून बसवला. मग तुकडे. लुंगीला जाहिरातीतल्या साडीची पांढरी किनार, केसांना राखाडी ढग, हाताच्या शिरांना नकाशातल्या नद्या. कात्रीला एका मोटारीचा चकचकीत दरवाजा लावला. हात चालत होते. डोकं घरी होतं.

तोंडापाशी आले तेव्हा अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ उरला होता. ओघळलेल्या कोपऱ्याचा तुकडा मी बोटावर घेतला, आणि तो कुठल्या बाजूला लावायचा हेच कळेना. मी माझं स्वतःचं तोंड चाचपलं. मग चित्रातल्या अण्णांचे हात बघितले. कात्री उजव्या हातात होती. मांडीवर डावा हात पडला होता.

मी उलट्या बाजूनं आखलं होतं आणि कागद उलटवल्यावर सगळं उजव्याचं डावं झालं होतं. कुंडीला, मडक्याला, समोर बघणाऱ्या मांजराला दोन्ही बाजू सारख्या; तिथे काही बिघडत नाही. अण्णा मला शिवण शिकवायचे तेव्हा एक गोष्ट कायम बजावायचे: उलट्यावर आखलंस आणि काम एकाच बाजूचं असलं, तर हात थांबव, कापड पालथं घालून बघ, मग काप. मी हात थांबवला नव्हता. शिंप्याच्या पोरीनं शिंप्याची चूक करावी, तीही शिंप्याच्याच चित्रात.

आता उखडायला गेले असते तर खालची शीट फाटली असती. नवीन करायला वेळ नव्हता. तरी एक गोष्ट करता आली असती. तोंडाचा कोपरा लोंबता ठेवला असता, मांडीवरचा हात राखाडी, निर्जीव केला असता, तर बाजू चुकली असती पण आजारी माणूस आजारी दिसला असता. तेवढा वेळ होता. पण डावा हात मी आधीच गव्हाळ कागदानं भरून काढला होता, आणि आता अर्धवट खरं आणि अर्धवट खोटं असं चित्र कुणालाच कळणार नाही, मला नंबर मिळणार नाही, एवढंच मला दिसत होतं. मी तो ओघळलेला कोपरा चुरगाळून पिशवीत टाकला. अण्णांना सरळ, मिटलेलं, कामात गढलेलं तोंड लावलं. उजव्या हाताच्या बोटांवर उरलेला सगळा चांगला कागद खर्च केला. पहिली होती ती चूक होती. हे दुसरं मी जाणूनबुजून केलं.

दुपारी तीन परीक्षक फिरले. त्यातले एक पिकल्या दाढीचे गृहस्थ माझ्या शीटपाशी उभे राहिले. वाकून त्यांनी कात्रीचा हात बघितला, आणि कन्नडमध्ये म्हणाले, “ई कैयल्ली जीव इदेयम्मा.”

या हातात जीव आहे, बाळ.

मी मान खाली घातली. ते समजले असतील की मी लाजले.

दुसरा नंबर आला. मॅडमनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली, तिथूनच प्रिन्सिपलना फोन लावला, आणि फोन ठेवून अंगठा वर केला. पुढचं आत्ताच सांगून टाकते. हॉल तिकीट मिळालं, मी पास झाले, नोकरी लागली, आईनं गारमेंट सोडलं. ज्यासाठी बसून राहिले होते ते सगळं झालं. ते चित्र काही दिवस आमच्या कॉलेजच्या प्रवेशद्वाराशी फ्रेम करून लावलं होतं. मी मागच्या गेटनं जायचे.

त्या संध्याकाळी सिल्क बोर्डला बस तासभर अडकली. मी खिडकीशी बसून एकच उजळणी करत होते. घरी गेल्या गेल्या अण्णांना सांगायचं की मला समजलं. मला तुमचा शब्द समजला. पाच महिन्यांनी का होईना, समजला. याचा त्यांना किती आनंद होईल, असं मला वाटत होतं. त्याच्या पुढे काय, हा विचार मी बसमध्ये केला नाही. माझी अक्कल तेवढीच.

आईनं दारातच विचारलं आणि मी दोन बोटं दाखवली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. खिडकीतून अजून ऊन येत होतं. मी कात्री त्यांच्या पेटीत ठेवली आणि चित्राचा फोटो काढलेला फोन घेऊन समोर बसले.

“दाखव की, कसलं काढलंस ते,” आई म्हणाली. “सकाळपासून दाराकडे बघतायत. स्वल्पसुद्धा झोपले नाहीत.”

मी फोटो दाखवायला नको होता. आधी बोलायला हवं होतं. पण आई म्हणाली आणि मी फोन पुढे धरला. अण्णांनी मान जरा मागे घेतली, अंतरावरून बघितलं, जसे गिऱ्हाइकाच्या अंगावरचा ब्लाउज बघायचे. मग डाव्या हाताचं बोट पुढे आणलं. ते स्क्रीनवर दोनदा टेकलं आणि चित्र मोठं झालं. तोंड गेलं, खाट गेली. सगळ्या स्क्रीनभर फक्त उजवा हात राहिला, कात्री धरलेला, शिरांसकट.

 मग त्यांनी मांडीवरच्या हाताकडे बघितलं. पुन्हा फोनकडे. आणि मग माझ्याकडे वर बघितलं, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते हसत होते. अर्ध्या तोंडानं, पण हसत होते. शिकलेली पोर आहे, डॉक्टरांशी हीच बोलते. हिनं हात चालता काढलाय म्हणजे हिला काहीतरी माहीत असणार, असं त्यांना वाटत होतं.

“कै?” ते म्हणाले.

“बघ, विचारतायत,” आई म्हणाली. “सांग ना त्यांना, काय आहे ते.”

त्यांच्या ‘काय’ला माझ्याकडे शंभर उत्तरं होती. ‘हात’ला एकच होतं, आणि ते जिन्यात ठेवून आम्ही दोघी वर आलो होतो. मी आईकडे बघितलं. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. ती आमच्या दोघांकडे कौतुकानं बघत उभी होती.

“आई, ते काय म्हणत नाहीयेत,” मी म्हणाले. “ते हात म्हणतायत. कन्नडमध्ये. पहिल्या दिवसापासून हातच म्हणतायत.”

आईचा हात तोंडावर गेला. अण्णांनी जोरजोरानं मान हलवली, हो, हो, हो, आणि डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. त्या पकडीत अजून दुकानातला जोर होता. “कै,” ते म्हणाले, “कै?” आणि वाट बघायला लागले.

आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं. येईल, अण्णा, हळूहळू येईल. ते चित्र फोनवर तसंच होतं, मला काही करायचीही गरज नव्हती. नुसतं हसले असते तरी पुरलं असतं.

“नाही, अण्णा,” मी म्हणाले. “हात येणार नाही आता. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. आणि हे चित्र माझं चुकलंय. मी पालथं घालून बघितलं नाही.”

“गप गं!” आई म्हणाली. मग स्वतःच भिंतीला टेकून खाली बसली.

अण्णांनी माझं मनगट सोडलं. डाव्या हातानं उजवा हात उचलला, वळलेली बोटं एकेक करून सरळ केली, आणि तो मांडीवर नीट ठेवला.

“सरी,” ते म्हणाले.